लाल ठिपका जाईपर्यंत

मी मेणबत्ती तोंडानं फुंकून विझवते. हे पुण्यात सांगितलं तर लोक विचारतील, मग आणखी कशानं विझवायची? आमच्या कुंभकोणमच्या घरात मात्र हे वाक्य म्हणजे उघडउघड भांडण होतं. म्हणून ते मी सुरुवातीलाच म्हणून टाकते. ज्यांना वाईट वाटायचं त्यांना आत्ताच वाटून जाऊ दे.

यंदा माहेरी आले ती ऐप्पसी, म्हणजे आमचा दिवाळीचा तमिळ महिना, संपता संपता. आमच्याकडचा खरा पाऊस तेव्हाचा. तिकडे पुण्यात लोक स्वेटर काढायला लागतात आणि इकडे कावेरीच्या काठी आभाळ दार लावून बसतं. दिवसदिवस ऊन नाही. गल्लीतून सायकली जातात त्या पाण्याचा आवाज करत. घरात सगळ्या गोष्टींना एकच वास येतो, ओल्या सुती कपड्याचा. शतक संपायला आलं, आमच्या गल्लीत घरोघरी केबल टीव्ही आला, तरी वाऱ्याबरोबर सर आली की करंट जातो तो जातोच. आमच्याकडे लाईट जात नाही, करंट जातो. कुठून तरी धाड्‌ असा आवाज येतो, गल्लीभर एकच "अय्यो" उमटतं, आणि मग काड्या ओढल्याचे आवाज येतात.

काडी ओढल्याचा तो आवाज ऐकला की मला तुंगा आत्याचा हात दिसतो. काचेची बांगडी नसलेला.

आमचे पूर्वज मराठी राजांच्या काळात इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. बाहेर तमिळ, घरात मराठी. आमची मराठी ऐकून पुण्याच्या शेजारणी अजून हसतात, जुन्या नाटकातलं बोलता म्हणतात. हसोत. आम्ही ती इतकी वर्षं सांभाळली, त्यांनी दोन रस्ते ओलांडून सांभाळून दाखवावी. पण भाषेबरोबर आम्ही आणखीही बरंच काही सांभाळलं, आणि त्यातलं सगळंच सांभाळण्यासारखं नव्हतं.

दिव्याचंच घ्या. आमच्या वैष्णव घरात दिवा 'विझला' असं म्हणायचं नाही, 'शांत झाला' म्हणायचं. शांतही कसा करायचा, तर वात हळूच तेलात ओढून, नाहीतर दुधात बुडवलेलं फूल टेकवून. फुंकर मारायची नाही. तोंडाचा वारा उष्टा, आणि ज्योत म्हणजे लक्ष्मी. इथपर्यंत माझं काही भांडण नाही. समईला ते शोभतंही. माझी अम्मा संध्याकाळी देवघरातली समई शांत करायची तेव्हा तिचा चेहरा पाहत राहावासा वाटायचा.

घोळ झाला तो मेणबत्ती घरात आली तेव्हा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रॉकेल मिळेना, कंदिलाची काच फुटली ती फुटलीच, आणि करंट तर रोज जायला लागला. मेणबत्तीत चरबी असते, अशी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पक्की समजूत. त्यामुळे तिला देवघरात आणि स्वयंपाकघरात मज्जाव. मधल्या खोलीत तेवढी परवानगी. लावायची सगळ्यांनी. पण विझवायची कशी? वात तेलात ओढावी तर तेल नाही. फूल टेकवावं तर फूल करपतं आणि तापलेलं मेण बोटावर उडतं. उरली फुंकर. आणि फुंकर कोण मारणार? अम्मा सवाष्ण, तिनं ज्योत फुंकली तर अप्पांच्या जिवाला धोका. अप्पा घरचे कर्ते, त्यांनी फुंकली तर घराला धोका. मी लग्नाची मुलगी, मी फुंकली तर होणाऱ्या नवऱ्याला धोका, जो त्या वेळी कुठल्यातरी गावात गोट्या खेळत असणार.

मग राहिली तुंगा आत्या. अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांतच नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडे. तिचं काय बिघडणार होतं?

असं कुणी तोंडानं बोललं नाही, हे मी कबूल करते. आमच्या घरात कुणी वाईट बोलत नसे. करंट आला की अप्पा वर्तमानपत्रातून मान वर न करता नुसतं म्हणायचे, "अक्का." तेवढ्यावर आत्या जिथे असेल तिथून यायची. परसात असो, जपाला बसलेली असो. एका हाताचा आडोसा ज्योतीमागे धरायची, म्हणजे मेण पुढे उडू नये, आणि हलकेच फुंकर घालायची. मग तिथेच उभी राहायची. वातीच्या टोकाला लाल ठिपका उरतो ना, तो पूर्ण काळा होईपर्यंत. धुराची शेवटची रेघ वर गेली की निघून जायची. जिला कार्तिगैच्या, म्हणजे आमच्या दिव्यांच्या सणाच्या, दिवशी उंबऱ्यावर एक पणती लावू देत नसत, तिला घरातली प्रत्येक मेणबत्ती विझवायला बोलावत. मी बारा-तेरा वर्षांची होते. मला त्या वयातही ते कळत होतं, आणि मोठ्यांना कळत नव्हतं यावर माझा आजही विश्वास नाही.

रोज विझवता विझवता आत्याला मेणबत्तीची खोड कळली होती. आमची पद्धत अशी, की स्टीलचा पेला उपडा घालायचा, त्यावर मेणाचे चार थेंब पाडायचे आणि मेणबत्ती चिकटवून मोकळं व्हायचं. आत्या चिडायची. पेला तापतो, खालचं मेण सुटतं आणि मेणबत्ती मान टाकते, हे तिनं कितीदा सांगितलं. ती स्वतः पितळी ताटलीत कावेरीची वाळू घालून त्यात मेणबत्ती रोवायची. वात लांब झाली की काजळी धरते म्हणून लावण्याआधीच कात्रीनं कातरायची. खिडकीच्या वाऱ्यात नको, पडद्याशी नको, कागदापाशी नको. माझी ओढणी खांद्यावरून घसरली की ती मागून ओढून कमरेत खोचायची आणि वेणी पाठीवर टाकायची. "ज्योतीपुढे वांकूं नको गे पोरी. तिला तुझी दया नाहीं." ती ज्योतीला लक्ष्मी म्हणत नसे. ती तिला ओळखत होती.

आणि वरती सोवळं वाळत असायचं. हे पावसाळ्याचं खास. एरवी अप्पांच्या पूजेची धोतरं परसात उंच दोरीवर वाळायची. पावसात ती मधल्या खोलीत येत, आढ्याजवळच्या आडव्या बांबूवर. कुणाचा हात लागू नये म्हणून काठीनं वर टाकायची आणि काठीनंच काढायची. खाली आमचं जग चालू, वर ती पांढरी धोतरं लोंबत असायची. हाताचा स्पर्श होऊ नये याची इतकी काळजी, पण ज्योतीचा होईल हे कुणाच्या डोक्यात येत नसे. आत्याच तेवढी मेणबत्तीची ताटली उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायची.

त्या वर्षी ऐप्पसीत आत्याला इन्नंबूरला जावं लागलं. तिथे तिचं सासर. जाऊ आजारी होती. सासरनं तिला कधी विचारलं नव्हतं, पण शुश्रूषा करायला माणूस हवं तेव्हा तिची आठवण व्हायची. ती पिशवी घेऊन भर पावसात बसनं गेली.

दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला करंट गेला. अप्पांना वर्तमानपत्र पुरं करायचं होतं. त्यांनी मेणबत्ती लावली, उपड्या पेल्यावर, लाकडी पेटीवर रचलेल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर. बरोबर बांबूखाली. हे मी पुन्हा लिहिते, कारण नंतर घरात याची आठवण कुणालाच राहिली नाही. मेणबत्ती अप्पांनी लावली.

थोड्या वेळानं करंट आला. गल्लीभर आरोळी उठली. स्वयंपाकघरात रसमला फोडणी बसली होती, हिंगाचा वास आला, आम्ही सगळे पानांवर जायला उठलो. अम्मा दारात थबकली. मेणबत्तीकडे पाहिलं. "अक्का नाहींत," ती म्हणाली. मग तिनं अप्पांकडे पाहिलं, अप्पांनी माझ्याकडे. मी म्हटलं, "मी फुंकूं?" अम्मानं माझ्या तोंडावर हातच ठेवला. अप्पा म्हणाले, "राहूं दे. आपोआप शांत होईल."

चांगल्या घरातली तीन माणसं, पाचही इंद्रियं शाबूत, एका बोटभर ज्योतीपुढे हात बांधून उभी राहिली आणि मग रसमभात जेवायला गेली.

पेला तापला. मेण सुटलं. मेणबत्तीनं मान टाकली ती वर्तमानपत्रांवर. आम्हाला पहिल्यांदा वास आला तेव्हा अम्माला वाटलं, फोडणी करपली. बाहेर आलो तर गठ्ठा पेटलेला, आणि बांबूवरच्या धोतराचा लोंबता सोगा जळत वर चाललेला. अप्पा काठी शोधू लागले. खरंच सांगते, अशा वेळीही ते सोवळं काढायची काठी शोधत होते. अम्मानं शोधलं नाही. तिनं हातानं ते धोतर खाली ओढलं, पायानं लोटलं, आणि हातपाय धुवायची बादली सगळी त्यावर ओतली. उरलेलं मी पोत्यानं दाबलं. आढं काळं झालं, पेटी गेली, धोतरं गेली. अम्माच्या उजव्या तळव्याची कातडी सोलून निघाली. डॉक्टरांनी पट्टी बांधली तेव्हा ती रडली नाही, घरी येऊन अप्पांना पाणी दिलं तेव्हा रडली.

आत्या परत आली तेव्हा घराला ओल्या राखेचा वास येत होता. तिनं आढ्याकडे पाहिलं. अम्माच्या हाताकडे पाहिलं. अजून पिशवी खाली ठेवली नव्हती, तोच अप्पा बोलले.

"तूं घरीं असतीस तर अस्क वांचलें असतें."

अस्क म्हणजे सगळं. अप्पांच्या मनात दोष द्यायचा नसेलही. पण आत्यानं पिशवी खाली ठेवली ती अशी, की मी भिंतीशी सरकले.

"मी घरीं नव्हतें म्हणून जळालें म्हणतोस? लावली कोणीं?"

अप्पांनी नजर आढ्याकडे नेली.

"रंगा, मी विचारतें, लावली कोणीं?"

"मीं लावली. पण विझवणार कोण होतें?"

"ज्यानं लावली त्यानं," आत्या म्हणाली. "माझा नवरा मेला. माझा श्वास नाहीं मेला. तो तुमच्या मेणबत्त्यांसाठीं ठेवलेला नाहीं. आजपासून ह्या घरांत मी एक ज्योत फुंकणार नाहीं."

अप्पा संतापले. मवाळ माणसाचा संताप फार वाईट असतो, त्याला कुठं थांबायचं ते माहीत नसतं. ते म्हणाले, "मग इन्नंबूरलाच जाऊन राहा."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. आत्याला जायला दुसरी जागा नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. इन्नंबूरच्या घरात तिच्यासाठी न्हाणीघराशेजारचा एक कोपरा होता, तोही जाऊ बरी होईपर्यंत.

"जाईन," आत्या म्हणाली. "तिकडेही नाहीं फुंकणार."

तेव्हा अम्मा उठली. पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून ती आली, डाव्या हातानं आत्याची पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. अप्पांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पण प्रश्न मिटला नव्हता. करंट पुन्हा जाणारच होता. पावसाळा संपला नव्हता.

तो गेला लवकरच, दिवेलागणीलाच. अप्पांनी हट्टानं मेणबत्ती लावली. आत्याच्याच ताटलीत, वाळूत रोवून, हे मात्र खरं. आम्ही चौघं तिच्याभोवती बसलो. आत्या कापसाच्या वाती वळत होती. मी गणितं करत होते. पाऊस कौलांवर एका लयीत पडत होता आणि मेणाचा तो गोडसर, किंचित तेलकट वास खोलीत भरला होता. मग करंट आला. पंखा कुरकुरत फिरू लागला. गल्लीत ओरडा झाला.

आमच्या घरात कुणी हललं नाही.

अप्पांनी वर्तमानपत्र उलटलं. थोड्या वेळानं म्हणाले, "अक्का."

आत्यानं वात वळली, बाजूला ठेवली, दुसरा कापूस घेतला.

"अक्का."

"लावली कोणीं?"

अप्पांनी वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं. आतून रसमचा वास येत होता. उठून जावं तर पेटती मेणबत्ती टाकून जायचं धाडस आता कुणाला नव्हतं. वरचं आढं काळं दिसत होतं. विझवावी तर कुणी विझवायची? बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर हसला असता. झगझगीत ट्यूबलाइटखाली चार माणसं एका मेणबत्तीला पहारा देत बसलीत. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. आणि मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती, की आत्या उठेल. नेहमीसारखी उठेल, आडोसा धरेल, फुंकेल, आणि मग जन्मभर फुंकत राहील. मी मनात म्हणत होते, उठूं नको, आत्या, उठूं नको.

आत्या उठली नाही. अम्मा उठली.

ती मेणबत्तीपाशी बसली. चांगला हात आडोशाला धरला, आत्या धरायची तस्साच. अप्पा म्हणाले, "अग, काय करतेस!" अम्मानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"रसम निवालें. माझें सौभाग्य येवढ्या फुंकरीनं जाणार असेल तर जाऊं दे तिकडे."

आणि तिनं फुंकर घातली.

अप्पांचा हात आपोआप छातीवर गेला. आम्ही सगळ्यांनी पाहिला. ते स्वतःचं काळीज चाचपून पाहत होते. काळीज चालू होतं. आत्या वाती वळता वळता म्हणाली, "लाल ठिपका गेला काय पाहा, मग ऊठ." अम्मा ठिपका काळा होईपर्यंत बसली, मग उठली, आणि आम्ही निवलेलं रसम जेवलो. इतकं चविष्ट रसम मी पुन्हा खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा जिवंत होते. कॉफी पातळ झाली म्हणून ओरडले. अम्मानं माझ्याकडे पाहून डोळा मारला. माझ्या आईला डोळा मारता येतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात कार्तिगै आला. आमच्याकडे त्या संध्याकाळी घरोघरी उंबऱ्यावर, तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, पणत्यांच्या ओळी लागतात. आत्या दरवर्षी वाती वळून द्यायची, तेल घालून द्यायची, आणि मग आत मागच्या खोलीत जाऊन बसायची. त्या वर्षीही ती आत जायला निघाली. अम्मानं तिला दारातच अडवलं आणि काड्यापेटी तिच्या हातात ठेवली.

"येवढीं वर्षं अस्क विझवलांत, अक्का. आतां लावा."

"लोक पाहतील," आत्या म्हणाली. मेणबत्तीपुढे न वाकलेली आत्या तिथे मात्र घाबरली. मला ते आजही खुपतं.

"पाहूं देत. दिवे पाहण्यासाठींच असतात," अम्मा म्हणाली.

आत्यानं पदर कमरेला खोचला. काडी ओढली. समोरच्या ओट्यावर बायका कुजबुजायच्या थांबल्या आणि पुन्हा कुजबुजू लागल्या. आत्यानं पहिली पणती लावली, दुसरी लावली, ओळ संपेपर्यंत मान वर केली नाही. संपल्यावर माझ्यावरच खेकसली, "ओढणी खोंच गे! कितीदा सांगूं?" अप्पा आत होते. बाहेर आले नाहीत. पण त्यांनी तिला थांबवलंही नाही, आणि इन्नंबूरचं नाव पुन्हा काढलं नाही.

अम्मा जाऊन काही वर्षं झाली. तापाचं निमित्त झालं. ती कुंकू लावूनच गेली, म्हणून गल्लीतल्या बायकांनी तिला भाग्यवान म्हटलं. ज्या फुंकरीनं अप्पा जायचे होते त्या फुंकरीनंतर तिनं शेकडो मेणबत्त्या विझवल्या, आणि अप्पा अजून ठणठणीत आहेत, कॉफीबद्दल अजून ओरडतात. मला राग याचा नाही. राग याचा आहे, की अम्मा गेल्यावर अप्पांना कुणी म्हटलं नाही, आता तुमचं काय बिघडणार आहे, तुम्ही विझवत चला. त्यांना लग्नाची बोलावणी येतात. ते पुढच्या रांगेत बसतात. त्यांच्या हातून मुलांना अक्षता मिळतात. नवरा गेलेल्या बाईचा श्वास अशुभ आणि बायको गेलेल्या पुरुषाचा आशीर्वाद शुभ, हा हिशेब मला कुणी समजावून द्यावा. कुठल्याही भाषेत द्या, मला दोन-तीन येतात.

परवा संध्याकाळी करंट गेला. धाड्‌, अय्यो, काड्या. मी उठायच्या आत अप्पांनी मेणबत्ती काढली. ते आता वाकलेत, हात थरथरतात. त्यांनी आधी कात्रीनं वात कातरली. ताटलीतली वाळू बोटानं सारखी केली. मेणबत्ती रोवली, हलवून पाहिली, वर पाहिलं. वर काहीच नव्हतं. धोतरं आता न्हाणीघराशेजारी स्टँडवर वाळतात, तरी त्यांनी वर पाहिलं. मग लावली. आत्या झोपाळ्यावर बसली होती. तिला आता कमी दिसतं. ऐकू मात्र सगळं येतं.

आम्ही तिघं तिच्याभोवती बसून राहिलो. मग करंट आला. टीव्ही आपला आपण सुरू झाला. गल्लीत पोरं ओरडली. मी सवयीनं आत्याकडे पाहिलं. आत्या झोपाळ्यावर तशीच, पायानं हलकेच झोका देत.

मी फुंकायला वाकले, तर अप्पांनी मला हातानं मागे सारलं.

"मीं लावली," ते म्हणाले.

थरथरत्या हाताचा आडोसा त्यांनी ज्योतीमागे धरला. दम पुरेना. पहिल्या फुंकरीला ज्योत नुसती वाकली. दुसऱ्या फुंकरीला गेली. धुराची रेघ वर गेली आणि अप्पा गुडघे धरून उठू लागले.

"रंगा, बस," झोपाळ्यावरून आत्या म्हणाली. "ठिपका आहे अजून."

अप्पा पुन्हा खाली बसले, आणि ठिपका काळा होईपर्यंत बसून राहिले.